रोबो स्पर्धेसाठी नवा खेळ कसा आखायचा? गुणतक्त्यापासून मैदानापर्यंत

शाळा-कॉलेजांच्या रोबो स्पर्धांत खेळ बहुधा ठरलेले असतात. काळ्या पट्टीवरून धावणारा लाइन फॉलोअर, अडथळ्यांची रोबो रेस, रोबो सॉकर, आणि गर्दी जमवायची असेल तर रोबो वॉर. खेळ वाईट नाहीत. पण दरवर्षी तेच ठेवले की मुलं युट्यूबवरून तयार कोड उतरवतात, त्याच पिवळ्या बीओ मोटर (स्वस्त, छोट्या गिअरच्या मोटरी), तोच मोटर ड्रायव्हर (मोटरींना वीज पुरवणारं सर्किट) वापरतात, आणि ज्याची बॅटरी ताजी तो जिंकतो. मुलांनी नव्याने विचार करावा असं वाटत असेल तर खेळ नवा हवा. तो आखायला बसलं की कळतं, रोबो बांधण्यापेक्षा हे काम किचकट आहे.

2016 मध्ये नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅबची योजना आली आणि तालुक्याच्या गावांतल्या शाळांतही आर्डुइनोचे, म्हणजे रोबोचा कोड चालवणारे छोटे बोर्ड पोचले. त्यामुळे हा लेख लिहिताना डोळ्यांसमोर ठेवली आहे ती वीस-पंचवीस संघांची, एका दिवसाची, आठवी ते बारावीच्या मुलांची स्पर्धा. दाखले मात्र मोठ्या स्पर्धांचे घेतले आहेत, कारण त्यांच्या चुका जगासमोर झाल्या आणि त्यांतून शिकायला पैसे पडत नाहीत.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुम्ही गोष्ट कितीही सुंदर रचा, मुलं खेळतात तो तुमचा गुणतक्ता.

पहिली पायरी: रोबोने काय करायचं ते एका वाक्यात लिहा

"चेंडू उचलून उंचावर ठेवायचा" हे वाक्य झालं. "मुलांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवायचा" हे उद्घाटनाचं भाषण झालं. मुलांनी कोणती यंत्रणा बांधावी असं तुम्हाला वाटतं, हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका. पकड हवी आहे, उचलणारा हात, नेमका फेकणारा पट्टा, की सेन्सरवर चालणारा कोड? एका खेळात यांपैकी दोन पुरेत. चारही घातले तर बारावीच्या मुलांचे दोन संघ सोडून बाकीचे सगळे दिवसभर रोबो सुरू करण्यातच घालवतील.

दुसरी पायरी: कल्पना निवडा, पण तिच्या प्रेमात पडू नका

कल्पना कशी निवडावी हे पाहायला आशिया-पॅसिफिक देशांची रोबोकॉन ही उत्तम शाळा आहे. 2002 पासून ही स्पर्धा दरवर्षी वेगळ्या देशात भरते आणि यजमान देश आपल्या मातीतला खेळ किंवा सण घेऊन येतो. 2008 मध्ये ती पुण्यात झाली तेव्हा विषय होता गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी. 2014 मध्ये पुन्हा पुण्यात आली तेव्हा पालक-रोबोने बाळ-रोबोला सीसॉ, झोपाळा, जंगल जिमवर खेळवायचं होतं. 2022 मध्ये दिल्लीत विषय होता चक्क लगोरी.

या तिन्हींमध्ये लगोरी मला खेळ म्हणून सगळ्यात भक्कम वाटते. दहीहंडीत उंची आहे, रंग आहे, पण मूळ खेळात प्रतिस्पर्धी नाही, तो बाहेरून आणावा लागतो. लगोरीत संघर्ष आतच आहे. एकाने फोडायचं आणि रचायचं, दुसऱ्याने रचू द्यायचं नाही. दोघांची कामं वेगळी असल्याने कोण आधी रचणार हा अन्याय होऊ शकतो, म्हणून सामना दोन फेऱ्यांत विभागून भूमिकांची अदलाबदल ठेवली होती. कल्पनेतून नियम आपोआप निघाला, तो चिकटवावा लागला नाही.

स्वतःची कल्पना तपासायची एक सोपी कसोटी: खेळ माहीत नसलेल्या पालकाला अर्ध्या मिनिटात समजावून सांगा. तो "मग मध्येच असं का?" असं दोनदा विचारत असेल तर तेवढे दोन नियम कल्पनेत बसत नाहीत. ते काढा.

तिसरी पायरी: गुणतक्ता, आणि इथे वेळ द्या

उदाहरण म्हणून एक खेळ घेऊ. नाव "कांदाचाळ". मैदान आठ बाय चार फुटांचं, प्रत्येक संघाला निम्मं. निम्म्यात 16 टेनिस बॉल पसरलेले, हे कांदे. जमिनीलगतच्या खोक्यात कांदा ढकलला तर 2 गुण. 20 सेंटिमीटर उंचीच्या फळीवर ठेवला तर 5 गुण. सामना दोन मिनिटांचा, त्यातली पहिली 20 सेकंद रोबोने स्वतःच्या कोडवर चालायचं, उरलेली 100 सेकंद रिमोटवर. कागदावर छान दिसतं. आता आकडेमोड करू.

हात असलेला साधारण रोबो एक चेंडू उचलून फळीवर ठेवायला 25 सेकंद घेतो असं धरा. पहिल्यांदा खेळणाऱ्या मुलांचा वेग याच आसपास असतो. 100 सेकंदांत चार चेंडू, 20 गुण. दुसऱ्या संघाने हाताच्या भानगडीत न पडता रोबोच्या तोंडाला प्लायची पट्टी लावली. एका फेरीत चार चेंडू, फेरी 15 सेकंदांची. चार फेऱ्यांत, म्हणजे एका मिनिटात, सोळाही चेंडू खोक्यात आणि 32 गुण. उरलेली 40 सेकंद पोरं हाताची घडी घालून उभी. हात बांधायला तीन आठवडे राबलेला संघ प्लायच्या तुकड्याकडून हरला.

इथे बहुतेक आयोजक फळीचे गुण वाढवतात. 5 चे 8 केले तरी चार चेंडूंचे 32 होतात, म्हणजे बरोबरी, तीही एकही चेंडू पडला नाही तर. 12 केले तर हात नसलेल्या संघाचा सामना सुरू होण्याआधीच निकाल लागला. दुसरा उपाय खोक्याला तीन सेंटिमीटरचा उंबरठा करण्याचा. मग पट्टीवाले बाद होतात, पण सोबत सगळे नवखे संघही शून्यावर बसतात. तिसरा, एका वेळी एकच चेंडू हाताळायचा हा नियम. मोठ्या स्पर्धांत तो सर्रास असतो, पण त्यासाठी प्रत्येक रोबोमागे पूर्ण वेळ एक पंच लागतो.

मी खोक्यावर कमाल मर्यादा घालेन. खोक्यातले पहिले सहाच चेंडू मोजायचे. आता पट्टीवाल्याचे दोन फेऱ्यांत, 30 सेकंदांत 12 गुण होतात आणि तिथे तो थांबतो. ज्याच्याकडे पट्टी आणि हात दोन्ही आहेत तो आधी ते 12 घेतो आणि उरलेल्या 70 सेकंदांत फळीवर दोन चेंडू चढवतो, एकूण 22. त्यातला एक पडला तरी 17, म्हणजे प्रयत्न वाया जात नाही. फळीचे गुण 5 च राहिले, तरी खेळ बदलला. नवख्या संघाला दाखवायला काहीतरी मिळालं आणि जाणत्यांना वर बघायचं कारण मिळालं.

अशी आकडेमोड प्रत्येक कामासाठी करा. "एका सेकंदाला किती गुण" हा स्तंभ गुणतक्त्याच्या शेजारी स्वतःसाठी लिहून ठेवा. ज्या कामाचा दर सगळ्यात जास्त आणि जोखीम सगळ्यात कमी, तेवढंच काम स्पर्धेत दिसेल.

आणखी दोन सापळे. अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेत 2018 च्या खेळात तराजू आपल्या बाजूला झुकवून ठेवला की सेकंदागणिक गुण मिळत. ज्याने सुरुवातीलाच ताबा घेतला त्याचा आकडा चढतच जाई आणि मागे पडलेल्याला दुप्पट धावून गाठावं लागे. दुसरा सापळा झटपट विजयाचा. रोबोकॉनमध्ये अनेक वर्षी असा नियम असतो की ठरावीक काम पूर्ण झालं की सामना तिथेच संपतो. 2019 ला मंगोलियात त्याला "उखाई" म्हणत, 2023 ला कंबोडियात "चेय-यो". टीव्हीवर थरारक दिसतं. पण शाळेच्या स्पर्धेत चाळीस किलोमीटरवरून एसटीने आलेल्या संघाचा सामना पंधरा सेकंदांत संपला तर तो थरार कोणासाठी?

शून्य गुणांचाही विचार करा. सुरुवातीच्या चौकटीतून रोबो स्वतःहून बाहेर पडला तर 2 गुण, असं एक कलम ठेवाच. फर्स्टच्या खेळांत हे जवळपास दरवर्षी असतं. फलकावर भोपळा न दिसणं आठवीच्या पोरांसाठी मोठं असतं.

चौथी पायरी: क्रमवारी कशी लावणार?

सामन्यातले गुण आणि क्रमवारीचे गुण या दोन गोष्टी आहेत, आणि पळवाटा दुसऱ्या गोष्टीत जास्त निघतात.

फर्स्टचंच बघा. डीन केमन यांनी संस्था 1989 मध्ये काढली, अमेरिकेतल्या एमआयटीतले प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांच्या वर्गातल्या यंत्रांच्या झुंजींवरून स्फूर्ती घेऊन 1992 मध्ये पहिली स्पर्धा झाली. स्पर्धेतही सौजन्य टिकावं हा त्यांचा आग्रह. त्यासाठी 2003 मध्ये जिंकणाऱ्याला स्वतःच्या गुणांसोबत हरणाऱ्याच्या गुणांची दुप्पट मिळे. हेतू हा की दुबळ्याला चिरडू नका. झालं काय, की खोके रचून गुण मिळवायच्या त्या खेळात एकमेकांचे ढीग पाडायचे नाहीत असे समझोते सामन्याआधीच होऊ लागले आणि ही मिलीभगत की हुशारी यावर वाद पेटला.

2010 मध्ये फुटबॉलसारख्या खेळात हरणाऱ्या बाजूला जिंकणाऱ्यांच्या गुणांइतकेच क्रमवारीचे गुण मिळत. मग हार नक्की दिसत असेल तर सगळ्यात शहाणपणाची चाल कोणती? समोरच्यासाठीच गोल करायचे! दोन्ही बाजूंचे मिळून सहाही रोबो एकाच बाजूने खेळताहेत असे सामने खरोखर झाले. प्रेक्षकांना काही कळेना. हंगाम चालू असतानाच जिंकणाऱ्याला जादा गुण देणारी दुरुस्ती करावी लागली.

2015 मध्ये त्यांनी दुसरं टोक गाठलं. बचाव नाही, दोन्ही बाजू वेगळ्या, प्राथमिक फेरीत हार-जीतच नाही, फक्त सरासरी गुण. भांडण मिटलं असं वाटलं. पण मैदानाच्या मधल्या पायरीवर कचऱ्याचे चार डबे दोन्ही बाजूंना सामाईक होते. जागतिक फेरीत पोचेपर्यंत बलाढ्य संघांनी ते डबे सामना सुरू होताक्षणी, डोळ्याचं पातं लवायच्या आत ओढून घेणारे हात बनवले होते. अडीच मिनिटांच्या सामन्याचा कल पहिल्याच क्षणी ठरायचा. मर्यादित वस्तू मधे ठेवली की तिच्यासाठी शर्यत लागणार, हे लक्षात ठेवा. शर्यत नको असेल तर वस्तू वाटून द्या.

लहान स्पर्धेसाठी माझी शिफारस साधी आहे. जिंकल्यास 2, बरोबरीत 1, आणि जे कौशल्य तुम्हाला शिकवायचं आहे त्यासाठी एक जादा गुण, मग सामना हरला तरी. कांदाचाळीत पहिल्या 20 सेकंदांत रोबोने स्वतः एक कांदा खोक्यात टाकला की हा जादा गुण. समान गुण झाले तर फळीवरच्या चेंडूंची सरासरी बघा. नाणेफेक शेवटी.

पाचवी पायरी: मोजणार कोण?

सामना संपल्यावर शांतपणे मोजता येतं तेच मोजा. चालू सामन्यात कोणी किती वेळा काय केलं हे टिपायचं असेल तर पंच दुप्पट लागतात आणि भांडणं चौपट. फर्स्टच्या 2014 च्या खेळात एकाने दुसऱ्याला चेंडू दिला की गुण वाढायचे आणि प्रत्येक देवाणघेवाण पंचांनी डोळ्यांनी पकडून नोंदवायची होती. तिथे प्रशिक्षित पंच होते तरी ओढाताण झाली. आपल्याकडे पंच म्हणजे आदल्या दिवशी पकडून आणलेले दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी.

"आत" म्हणजे काय, हेही आधीच ठरवा. चेंडू रेषेवर थांबला तर? नजरेने ठरवू नका. व्हिजिटिंग कार्डाएवढा जाड कागद घ्या आणि रेषेच्या बाहेरच्या कडेला उभा धरून सरकवा. चेंडूला लागला नाही तर चेंडू आत. ही चाचणी नियमपुस्तिकेत आकृतीसह छापा. असे वाद फक्त रेषेवरच होत नाहीत. फळीवर ठेवलेला चेंडू शिट्टीनंतर दोन सेकंदांनी घरंगळला तर काय, रोबो अजून चेंडूला धरून असेल तर काय, ही दोन उत्तरंही लेखी हवीत. माझं उत्तर: सगळं स्थिरावल्यावर मोजायचं, आणि रोबो टेकलेला चेंडू मोजायचा नाही.

सहावी पायरी: मैदान आणि साहित्य

आठ बाय चार हा आकडा उगाच घेतलेला नाही. प्लायचा सबंध पत्रा त्याच मापाचा मिळतो, छोट्या टेम्पोत मावतो आणि मध्ये सांधा येत नाही. दोन पत्रे जोडले की दोन मिलिमीटरचा उंचवटा हमखास राहतो आणि बीओ मोटरचं लहान चाक नेमकं तिथे अडतं.

मैदानावर फ्लेक्स छापून चिकटवायची पद्धत आहे. दिसायला झकास, पण हॉलमधल्या ट्यूबलाइट आणि खिडकीतलं ऊन चकचकीत फ्लेक्सवरून परावर्तित होतं, आणि इन्फ्रारेड सेन्सरला काळी पट्टीही पांढरी वाटू लागते. मॅट फिनिश मागा. नाही मिळालं तर पांढरा मॅट रंग दिलेल्या प्लायवर काळी इन्सुलेशन टेप लावा, आणि सकाळी व दुपारी दोन्ही वेळा सेन्सर लावून बघा. पश्चिमेची खिडकी चार वाजता दगा देते.

टेनिस बॉल कुठल्याही गावात मिळतो, म्हणून निवडला. पण टेनिस बॉल क्रिकेटमुळे बाजारात हलका आणि जड असे दोन प्रकार असतात, आणि हलक्यावर सराव केलेला हात जड चेंडूला मान टाकतो. नियमपुस्तिकेत वजन आणि व्यास द्या, जमल्यास प्रत्येक संघाला नोंदणीसोबत दोन चेंडू पाठवा. फोमचे चेंडू टाळा. फोम झिजतो, दबतो, आणि सकाळचा चेंडू संध्याकाळी वेगळा उडतो. खेळाच्या वस्तू गरजेपेक्षा दीडपट आणा.

रोबोच्या मापासाठी टेप घेऊन बसू नका. आतून 30 सेंटिमीटरचा प्लायचा उघडा चौकोनी खोका बनवा आणि रोबोवर पालथा घाला. बसला तर पास. व्होल्टेजची मर्यादा घाला, मोटरींच्या संख्येचीही घाला, नाहीतर खेळ पाकिटाचा होतो. लिथियम पॉलिमर बॅटऱ्यांना परवानगी देत असाल तर चार्जिंगसाठी एकच वेगळं टेबल, शेजारी वाळूची बादली, आणि तिथे कायम एक मोठा माणूस. फुगलेली बॅटरी दिसली की वापर बंद, हुज्जत नाही.

सातवी पायरी: घड्याळाचं गणित

24 संघ, प्रत्येकी चार सामने, एका सामन्यात दोन संघ, म्हणजे 48 सामने. खेळ दोन मिनिटं आणि पुन्हा मांडणी चार मिनिटं धरली तर 288 मिनिटं, जवळपास पाच तास. वर बाद फेरी, जेवण आणि पाहुण्यांची भाषणं. मांडणी दोन मिनिटांत होत असेल तर 96 मिनिटं वाचतात. म्हणून खेळ आखतानाच विचारा, 32 चेंडू जागेवर ठेवायला किती वेळ लागतो? चेंडूंच्या जागी प्लायला उथळ खड्डे पाडा. नेमकी जागाही सापडते आणि चेंडू घरंगळतही नाहीत.

आठवी पायरी: रोबोशिवाय खेळून बघा

नियम जाहीर करण्यापूर्वी जमिनीवर खडूने मैदान आखा आणि मुलांनाच रोबो करा. एक हात पाठीमागे, पावलाला पाऊल लावून चालायचं, आणि चेंडू उचलण्याआधी मोठ्याने पाचपर्यंत मोजायचं. अशा दहा-बारा डावांत गुणतक्त्यातली अर्धी भोकं दिसतात.

मग वर्गातली सगळ्यात वात्रट तीन मुलं निवडा. त्यांना सांगा, नियम न मोडता खेळाचा सत्यानाश करून दाखवा. समोरच्याच्या खोक्यापुढे रोबो आडवा लावून ठेवता येतो का? चेंडू मैदानाबाहेर फेकले तर? रोबोचे दोन तुकडे केले तर? ती जे शोधतील ते स्पर्धेत कोणीतरी शोधणारच आहे. हे काम शिक्षकांकडून होत नाही, आपल्याला आपला खेळ फार आवडत असतो.

नववी पायरी: नियमपुस्तिका आणि मधले आठवडे

पुस्तिका मराठीत आणि इंग्रजीत काढा, आणि दोन्हींत फरक पडला तर कोणती खरी धरायची ते पहिल्याच पानावर लिहा. प्रत्येक नियमाला क्रमांक, आणि शक्य तिथे एका ओळीत हेतू. "रोबो उलटू नये म्हणून" एवढं लिहिलं तरी पंचाला नव्या प्रसंगी निर्णय देता येतो.

पुस्तिका आणि स्पर्धा यांत आठ ते दहा आठवडे ठेवा आणि मध्ये सहामाही परीक्षा येऊ देऊ नका. फर्स्टमध्ये वर्षानुवर्षं सहा आठवड्यांनी रोबो पिशवीत सीलबंद करायचा नियम होता, 2020 च्या हंगामापासून तो काढून टाकला. आपल्याकडे तसल्या शिस्तीची गरज नाही. गरज आहे ती शंकांना उघड उत्तर देण्याची. एका संघाने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं आणि तुम्ही त्यालाच उत्तर दिलं की दुसऱ्या संघांवर अन्याय झाला. प्रश्न आणि उत्तर सगळ्यांच्या ग्रुपवर, दर शनिवारी एकत्र. स्पर्धेच्या दोन आठवडे आधी बदल बंद. त्यानंतर भगदाड सापडलं तरी खेळ तसाच खेळवा. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच हात घाला. ज्याने पळवाट शोधली त्याने पुस्तिका वाचली आहे, त्याला शिक्षा कसली?

वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडमध्ये स्पर्धेच्या दिवशी सकाळी एक अनपेक्षित नियम जाहीर करतात, म्हणजे पालकांनी किंवा क्लासवाल्यांनी लिहून दिलेला कोड उघडा पडतो. मोह होईल, पण पहिल्या वर्षी हे करू नका. दुसऱ्या वर्षी एखादा चेंडू वेगळ्या रंगाचा ठेवून त्याचे गुण उणे करा, तेवढं पुरे.

स्पर्धेच्या दिवशी

ब्लूटूथवर चालणाऱ्या रोबोंची नावं आधीच बदलून घ्या. एका हॉलमध्ये वीस एचसी-05 मॉड्यूल मूळ नावाने आणि मूळ पासवर्डने चालू असतील तर एकाचा फोन दुसऱ्याच्या रोबोला जोडला जाणारच. तपासणीच्या टेबलावर नाव बदलल्याशिवाय पास देऊ नका. मैदानाशेजारी सोल्डरिंग गन, ग्लू गन आणि जंपर वायरचं एक पाकीट ठेवा, नोंदणी शुल्कात तेवढं बसतं.

एका माणसाला फक्त वही देऊन मैदानाशेजारी बसवा. कोणत्या कलमावरून वाद झाला, कोणतं काम एकाही संघाने करून बघितलं नाही, मांडणीला खरोखर किती वेळ लागला, हे सामन्याच्या क्रमांकासह लिहायचं. ज्या कामाकडे चोवीसपैकी एकही संघ फिरकला नाही ते पुढच्या वर्षी एकतर खाली आणा, नाहीतर पुस्तिकेतून काढून टाका.